पोटातल्या बाळाच्या आतड्यात अडथळा: नाशिकमधले आईवडील वारंवार विचारतात ते प्रश्न

मी नाशिकमधल्या एका नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आतड्यात जन्मतःच अडथळा असलेली बाळं आमच्याकडे शहरातून येतात, तशी सुरगाणा, पेठ, कळवणकडूनही येतात. काहींचं निदान पोटात असतानाच झालेलं असतं. काहींचं दोन-तीन दिवसांनी होतं, उलट्या होऊन होऊन बाळ सुकल्यावर. या दोन बाळांतला फरक मी डोळ्यांनी बघते, म्हणून हे लिहायला बसले. प्रश्न आईवडिलांनी, आज्यांनी आणि आशाताईंनी विचारलेले आहेत. निर्णय मात्र तुमच्या बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

रिपोर्टमध्ये ‘डबल बबल’ लिहिलंय. म्हणजे काय?

बाळ पोटात असताना गर्भजल गिळत असतं. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं, म्हणून बाळाच्या जठराच्या जागी एक काळा गोळा दिसतो. तो दिसायलाच हवा. जठरानंतर लहान आतड्याचा पहिला भाग येतो, त्याला ड्युओडेनम म्हणतात. तो पुढे बंद असेल, तर गिळलेलं पाणी तिथेच तुंबतं, तो भाग फुगतो आणि पहिल्या गोळ्याशेजारी दुसरा गोळा दिसायला लागतो. हाच डबल बबल. दोन्ही गोळे एकमेकांना जोडलेले आहेत का, हे डॉक्टर मुद्दाम बघतात, कारण शेजारची एखादी गाठसुद्धा तशी दिसू शकते.

अडथळा आणखी खाली असेल, तर फुगलेल्या आतड्याची वेटोळी दिसतात. जितका खाली अडथळा, तितकं सोनोग्राफीत ओळखणं अवघड. मोठ्या आतड्याचे आणि शीच्या जागेचे दोष बरेचदा जन्मानंतरच कळतात.

पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी नॉर्मल होती. आता आठव्यात कसं निघालं? तेव्हा डॉक्टरांकडून सुटलं का?

बहुतेक वेळा सुटलेलं नसतं. १८ ते २० आठवड्यांना बाळ गिळतं ते पाणी थोडं असतं, त्यामुळे आतडं दिसण्याइतकं फुगलेलंच नसतं. डबल बबल पुष्कळदा २४ आठवड्यांनंतर, कधी तर शेवटच्या तीन महिन्यांत स्पष्ट होतो. म्हणून माझं सांगणं असतं की पाचव्या महिन्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढची सोनोग्राफी टाळू नका. पोट महिन्यांच्या मानानं फार मोठं वाटायला लागलं, बसल्या जागी दम लागायला लागला, की तपासून घ्या.

‘पाणी जास्त आहे’ असं सांगितलं. याचा आतड्याशी काय संबंध?

बाळ पाणी गिळतं, ते आतड्यातून शोषलं जातं आणि लघवीवाटे परत पिशवीत येतं. अडथळा वरच्या भागात असेल, तर हे चक्र अडतं आणि पाणी साठत जातं. अडथळा खाली असेल, तर मधलं आतडं बरंच पाणी शोषून घेतं, त्यामुळे पाणी फारसं वाढत नाही.

पाणी वाढल्यामुळे गर्भाशय ताणलं जातं आणि कळा वेळेआधी येऊ शकतात. फारच वाढलं, तर डॉक्टर सुईनं थोडं काढतात. बाळ लवकर येईल असं वाटलं, तर त्याच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्या नावाला घाबरू नका, ती बाळाच्या भल्याचीच आहेत. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पाणी जास्त असताना पिशवी अचानक फुटली, तर पाण्याच्या जोरानं नाळ खाली घसरू शकते. अशा वेळी बाईला चालवत रिक्षापर्यंत नेऊ नका. कुशीवर आडवं झोपवा, गाडी दारात आणा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

माझ्या हातून काही चुकलं का? ग्रहणात मी भाजी चिरली होती.

नाही, ताई. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आईनं विचारलाय. बहुतेकींनी सासूबाई बाजूला गेल्यावर, हळूच विचारलाय.

ड्युओडेनमची पोकळी फार लवकर तयार होते. सुरुवातीला ती नळी आतून पेशींनी भरलेली असते आणि साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा मोकळी होते. हे मोकळं होणं अर्धवट राहिलं की अडथळा उरतो, असं मानतात. तेव्हा कितीतरी जणींना आपल्याला दिवस गेलेत हेही नुकतंच कळलेलं असतं. त्याच्या खालच्या आतड्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे आतडं आधी नीट तयार होतं आणि नंतर त्याच्या एखाद्या तुकड्याचा रक्तपुरवठा पोटातच तुटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या लाऊ आणि बर्नार्ड या दोन सर्जननी १९५५ मध्ये कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांवर प्रयोग करून हे दाखवलं. यातले बर्नार्ड म्हणजे पुढे १९६७ मध्ये माणसावर पहिलं हृदय प्रत्यारोपण करणारे. ग्रहण, पपई, जिन्यावरून चढउतार, कुणाची दृष्ट, यातल्या कशाचाही या दोन्हींशी संबंध नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा.

बाळाला डाऊन सिंड्रोम असेल का?

डाऊन सिंड्रोम म्हणजे बाळात जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणं, त्यानं बौद्धिक वाढ हळू होते. अडथळा ड्युओडेनममध्ये असेल, तर ही शक्यता विचारात घ्यावीच लागते. अशा साधारण दर तीन बाळांत एकाला डाऊन सिंड्रोम असतो, म्हणजे दोघांना नसतो. जेजुनम किंवा इलियममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पुढच्या भागांत अडथळा असेल, तर हा धोका बराच कमी असतो.

खात्री करायची तर पोटातून सुईनं थोडं गर्भजल काढून तपासतात. सोनोग्राफीवर बघत बघतच सुई घालतात. त्यातून गर्भपात होण्याचा धोका शंभरात एकापेक्षा कमी असतो. आईच्या रक्तावरची नवी तपासणी मिळते, पण ती फक्त शक्यता सांगते, निदान करत नाही. त्यासोबत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, अवश्य करून घ्या. आतड्याचा अडथळा आणि हृदयाचा दोष बऱ्याच बाळांत सोबत असतो. हृदय कसं आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळलं, तर पुढचं सगळं सोपं जातं.

या तपासण्यांत मुलगा की मुलगी ते कळेल का?

सांगणार नाहीत आणि विचारूही नका. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

गर्भपात करावा का?

हा तुमचा निर्णय आहे. माझ्याकडून फक्त माहिती घ्या. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल, तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं आणि त्यापुढे सरकारनं नेमलेल्या वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं गर्भपात कायदेशीर होऊ शकतो. पण बाकी बाळ धडधाकट असून फक्त आतड्यात अडथळा असेल, तर तो ऑपरेशननं दुरुस्त होतो. चांगली सोय असलेल्या ठिकाणी अशी दहातली नऊहून जास्त बाळं जगतात आणि पुढे वरणभात खातात. ‘आतडं बंद आहे’ एवढं ऐकून त्याच दुपारी निर्णय घेऊ नका. आधी बालशल्यचिकित्सकाला, म्हणजे लहान मुलांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला भेटा. बाळ पोटात असतानाही ते भेटतात आणि समजावून सांगतात. पुष्कळांना हे माहीतच नसतं.

सिझरच करावं लागेल ना?

या कारणासाठी नाही. नॉर्मल बाळंतपणानं या बाळाला त्रास होत नाही. दुसरं काही कारण असेल, तरच सिझर.

पहिलटकरीण आहे. डोहाळेजेवण झालं की माहेरी पाठवायचं ठरलंय. पाठवू का?

माझ्या लेखी या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

माहेर सुरगाण्याला, त्र्यंबकच्या आतल्या पाड्यावर किंवा येवल्याकडच्या वस्तीवर असेल, तर या खेपेला नको. त्यापेक्षा माहेरच नाशिकला आणा. आईनं शेवटचा महिना-दीड महिना लेकीकडे येऊन राहावं. सासर-माहेर दोन्ही लांब असतील, तर शहरातल्या नात्यागोत्यात कुणाकडे तरी सोय करा. पाणी वाढलेलं असेल, तर तारखेच्या बरंच आधी या, कारण अशा कळा तारीख बघून येत नाहीत.

कारण सांगते. निदान आधी कळल्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जन्माची जागा निवडता येते. पोटातलं बाळ आईबरोबर एसटीनंसुद्धा सुखरूप येतं. ऊब, ऑक्सिजन, साखर सगळं आई देत असते. तेच बाळ जन्मल्यावर आणायचं म्हटलं, की नाकात नळी, हातात सलाईन, अंग गार पडू नये म्हणून धडपड, आणि आई तिकडे टाक्यांसकट कॉटवर एकटी. पावसाळ्यात घाटातून रात्री आलेलं बाळ आम्ही उचलून घेतो, तेव्हा पहिल्यांदा त्याचे तळपाय हाताला लागतात. बर्फासारखे असतात. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या मध्ये हवं, आणि ते परत आणण्यात आमचे पहिले दोन तास जातात. ते दोन तास खरं तर सर्जनचे असायला हवेत.

सिंहस्थाच्या काळात तारीख येत असेल, तर पर्वणीच्या दिवसांत रस्ते वळवलेले असतात हेही धरून चला.

नाशिकमध्ये होईल, की मुंबईला जावं लागेल?

नाशिक शहरात बालशल्यचिकित्सक आहेत आणि नवजात अतिदक्षता विभागही आहेत. प्रश्न दोन्ही एकाच छताखाली आहेत का, हा आहे. जिथे नाव घालायचं, तिथे थेट विचारा. बालशल्यचिकित्सक रात्री-अपरात्री येतात का? एवढ्या लहान बाळाला भूल देणारे डॉक्टर आहेत का? लागलं तर व्हेंटिलेटर आहे का? बाळाला कित्येक दिवस तोंडानं काही देता आलं नाही, तर शिरेतून पूर्ण पोषण देण्याची सोय आहे का? हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि पुढे तिथेच अडतं.

हृदयाचाही मोठा दोष असेल, तर डॉक्टर मुंबईला जायला सांगू शकतात. केईएम, सायन आणि परळचं मुलांचं वाडिया हॉस्पिटल इथे बालशल्यचिकित्सा विभाग आहेत. साधारण १७० किलोमीटरची वाट आहे, मध्ये कसारा घाट. तेव्हा जायचंच असेल, तर बाळ पोटात असतानाच जा.

जन्मल्याबरोबर बाळाला काय करतील?

पुसून, गरम ठेवून, रडलं की लगेच तोंडातून किंवा नाकातून जठरात एक बारीक नळी घालतात. नेहमीच्या बाळाच्या पोटातून त्या वेळी जेमतेम पाच मिली पाणी निघतं. अडथळा असेल, तर २०-२५ मिली किंवा त्याहून जास्त, पुष्कळदा हिरवं. ती नळी उघडीच ठेवतात, म्हणजे पोट फुगत नाही आणि उलटी फुप्फुसात जात नाही. मग सलाईन, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन, एक्स-रे, हृदयाचा इको. एक्स-रेमध्ये तेच दोन गोळे हवेचे दिसतात.

तोंडानं काहीही द्यायचं नाही. एकदा लेबर रूमच्या दाराशी एक आजी पदराआड चांदीची वाटी घेऊन उभ्या होत्या. ‘सिस्टर, नुसतं बोट लावते मधाचं. एवढ्यानं काय होतंय?’ मी त्यांना आत नेलं आणि बाळाच्या नळीतून आलेलं हिरवं पाणी सिरिंजमध्ये दाखवलं. ‘आजी, खालची वाट बंद आहे. वरून घातलेलं असं परत येतंय.’ त्यांनी वाटी मुकाट्यानं पिशवीत ठेवली. मध तर निरोगी बाळालाही वर्षभर देऊ नये. गुटी, साखरपाणी, गाईचं दूध, काहीच नको.

सोनोग्राफीत काही नव्हतं, पण बाळाला हिरवी उलटी झाली. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका. आत्ता निघा.

दूध फाटून आलेली पांढरी उलटी वेगळी. पालकाच्या पाण्यासारखी हिरवी उलटी म्हणजे पित्त, आणि नवजात बाळात ती अडथळ्याची खूण समजूनच तपासायची. यातलं सगळ्यात घातक म्हणजे आतड्याला पीळ पडणं. आतडं पोटात नीट बसलेलं नसलं, की ते स्वतःभोवती फिरतं, त्याचा रक्तपुरवठा बंद होतो आणि काही तासांत ते काळं पडतं. बंद आतड्याचं ऑपरेशन बाळ स्थिर करून एक-दोन दिवसांनी केलं तरी चालतं. पीळ असेल, तर तेवढी सवड नसते. सुरुवातीला बाळाचं पोट मऊ असतं, ते शांत झोपलेलंही असतं, आणि तिथेच घरचे फसतात. पहिल्या २४ तासांत काळी शी झाली नाही, पोट फुगलं, शीची जागाच दिसत नाही, अशा वेळीही तसंच धावा.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. फोन करताना ‘नवजात बाळ आहे, हिरव्या उलट्या होताहेत’ असं स्पष्ट सांगा. वाटेत बाळ आईच्या किंवा मावशीच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण, डोक्याला टोपी. आई सोबत येऊ शकत नसेल, तर तिच्या रक्ताचा नमुना आणि बाळंतपणाचे कागद पाठवायला सांगा.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

बंद जागेच्या वरचा फुगलेला भाग आणि खालचा बारीक भाग एकमेकांना जोडून नवी वाट करतात. साधारण दोन-तीन तास लागतात. काही ठिकाणी दुर्बिणीनंही करतात. खालच्या आतड्यात अडथळा असेल, तर खराब झालेला तुकडा काढावा लागतो, आणि किती आतडं उरलं ते सर्जन मोजून लिहून ठेवतात. तो आकडा विचारून घ्या, पुढे कामाला येतो. कधी कधी काही आठवडे पोटावर शीची तात्पुरती वाट काढतात. ते बघून आया फार रडतात. पण बहुतेकदा ती नंतर बंद करता येते.

दूध कधी सुरू होईल?

ऑपरेशननंतर नळीतून पित्त येतच राहतं. आम्ही ठरावीक तासांनी ते ओढतो, मोजतो आणि तक्त्यात लिहितो. आधी गडद हिरवं, मग पोपटी, मग पिवळसर, मग पाण्यासारखं. आयांना हे इतकं पाठ होतं की दारातूनच विचारतात, ‘सिस्टर, आज किती आलं?’ ‘बारा.’ ‘काल अठरा होतं ना?’ आणि चेहरा उजळतो. फुगून फुगून थकलेलं आतडं कामाला लागायला वेळ घेतं. एक ते दोन आठवड्यांत दूध सुरू होतं, कधी त्याहून उशिरा. एक-दोन मिलीपासून चढत जातं. तोवर शिरेतून पोषण. घरी जायला साधारण दोन ते चार आठवडे धरा. दिवस पुढे गेले म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही.

बाळ पीतच नाही, मग आईनं दूध कशाला काढायचं?

काढलं नाही, तर पंधरा दिवसांत आटेल, आणि बाळाला हवं असेल तेव्हा नसेल. ऑपरेशन झालेल्या आतड्याला आईच्या दुधासारखं दुसरं काही सोसत नाही. पहिल्या सहा तासांत सुरुवात करा. दिवसाला आठ वेळा काढा, त्यात रात्री एकदा तरी. स्वच्छ धुतलेल्या स्टीलच्या वाटीत काढलं तरी चालतं. उन्हाळ्यात बाहेर चार तास, फ्रीजमध्ये २४ तास, डीप फ्रीझरमध्ये तीन महिने टिकतं. बाटलीवर तारीख, वेळ, नाव लिहा. सर्जननं हो म्हटलं, तर पहिल्या चिकाचे दोन थेंब बाळाच्या गालाच्या आतून लावतो. ते आतड्यात उतरण्याइतकं नसतंच.

आईचं दूध कमी पडलं, तर जवळ ह्युमन मिल्क बँक, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळतं अशी सोय, आहे का ते विचारा. भारतातली पहिली मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये सुरू झाली.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पण ते योजनेत असलेल्या रुग्णालयातच आणि योजनेत बसणाऱ्या उपचारांसाठीच. रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. बाळंतपणाआधीच तिथे जाऊन बसा. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतंच, म्हणून आईवडिलांची कागदपत्रं आणि जन्माची नोंद कशी जोडायची, ते विचारून ठेवा. रेशनकार्ड गावी राहिलं म्हणून मंजुरीला दोन दिवस लागलेले मी पाहिलेत.

सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि नेणं-आणणं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत असतं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून, तहसीलमधून आधीच काढून ठेवा. दाखल झाल्यावर बापानं दिंडोरी-नाशिक खेपा घालण्यापेक्षा बाळापाशी असलेलं बरं.

पाचवी, बारसं?

पाचवीची पूजा घरी करा. हॉस्पिटलात बाळ ज्या काचेच्या पेटीत असतं, तिच्यापाशी कुंकू, अंगारा, धागा नको, ऑपरेशनच्या बाळाला जंतुसंसर्ग परवडत नाही. बारसं बाळ घरी आल्यावर. नाव मात्र आधी ठरवलंत, तर आम्हाला फार आवडतं. ‘बेबी ऑफ’ म्हणून हाक मारण्यापेक्षा नावानं हाक मारता येते.

पुढच्या बाळालाही होईल का?

बहुधा नाही. एकाच घरात पुन्हा होणारे प्रकार फार विरळ आहेत. पहिल्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल किंवा आतडं बऱ्याच जागी बंद असेल, तर पुढच्या खेपेआधी जनुकीय सल्ला घ्या.

घरी गेल्यावर काय जपायचं?

वजन. पहिले काही महिने ते नियमित करा आणि आकडे लिहून ठेवा. आतडं बरंच काढलं असेल, तर शी पातळ होईल, वजन हळू वाढेल, जास्तीची जीवनसत्त्वं लागतील. त्यासाठी फेऱ्या चुकवू नका. पोटाचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही पुढे कधीही आतडी एकमेकांना चिकटून अडथळा येऊ शकतो, अगदी शाळेत जायला लागल्यावरही. त्या दिवशीची खूण तीच, हिरवी उलटी आणि फुगलेलं पोट. गावातल्या डॉक्टरांना बाळपणीचं ऑपरेशन माहीत नसणार, म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो आई, बाबा, मामा अशा तिघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, लसीकरणाच्या कार्डाबरोबर.